भरावाखाली अडकलेला पिलर : तो काढायचं कधी ठरतं?

खाणवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात वाड्यावरच्या एका मुलाने विचारलं, "काका, तुम्ही राजस्थानात जमिनीखाली नेमकं काय करत होतात?" दहा मिनिटांत सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मी सत्तरी तालुक्यातला. २०१२च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली भागात लोहखनिजाच्या खाणीवर फोरमन होतो. घराचं कर्ज होतं, दोन मुलं शाळेत. मिळेल ती नोकरी धरून राजस्थानात शिसं-जस्ताच्या भूमिगत खाणीत गेलो. माझं सर्टिफिकेट उघड्या खाणीपुरतं होतं, त्यामुळे आधी दुसऱ्याच्या हाताखाली राहून भूमिगतचं मिळवलं. शेवटची चार वर्षं एकच काम केलं : जुन्या भरावाखाली राहिलेले पिलर काढणं.

आपल्याकडे खाण म्हणजे खंदक. वरून माती काढायची, बेंच पाडत खाली जायचं. तिथे खनिजाची शीर उभी, भिंतीसारखी खाली गेलेली असते. ती लेव्हलांमध्ये, म्हणजे मजल्यांमध्ये, वाटून घेतात. एका लेव्हलवरून सुरुवात करून वरवर काढत जायचं, काढलेली जागा भरावाने भरायची, त्याच भरावावर उभं राहून वरचा थर काढायचा. भराव म्हणजे गिरणीतून खनिज काढून उरलेली बारीक वाळू, टेलिंग. पाण्यात कालवून पाइपने आत सोडतात. असं चढत चढत वरच्या लेव्हलच्या तळापाशी पोचलं की थांबावं लागतं, कारण डोक्यावर आता दगड नसतो, वरच्या स्टोपचा, म्हणजे खनिज काढून झालेल्या पोकळीचा, भराव असतो. मधे खनिजाचा जो आडवा पट्टा राहतो तो सिल पिलर. दोन स्टोपांच्या मधे उभा राहतो तो रिब पिलर.

समजा असा एक सिल पिलर ६ मीटर उंच, ८ मीटर रुंद, ४० मीटर लांब आहे. १,९२० घनमीटर झाले. घनमीटरला ३.२ टन धरले तर सहा हजार टनांच्या वर खनिज. आपल्या दहा टनी टिप्परच्या सहाशेवर ट्रिपा. तिथपर्यंतचा शाफ्ट (खाली उतरायची उभी विहीर), रस्ते, हवा, पंप सगळं आधीच केलेलं. म्हणून कंपनीचा जीव त्यात अडकतो.

मला सांगायचं आहे ते एवढंच : तो पिलर काढता येईल की नाही हे काढायच्या दिवशी ठरत नाही. वरचा स्टोप भरायला घेतला, पाइपातून पहिला गाळ तळावर पडला, त्या दिवशी ते ठरलेलं असतं. पहिले ३ मीटर सिमेंट घालून, खाली जाळी आणि सळया अंथरून, नीट ओतले असतील तर दहा वर्षांनी खालून येणाऱ्या माणसाला डोक्यावर छत मिळतं. त्याला मॅट म्हणतात. नुसती वाळू सोडली असेल तर त्या पिलरला हात लावू नये.

खाणीशी संबंध असलेल्यांनी आपले अनुभव लिहा.

चिरेबंदी

खाणवाटबाब, छान विषय काढलात. मी म्हापशाला बांधकामाच्या धंद्यात आहे. म्हणजे हा उलटा स्लॅबच झाला की! आम्ही खालून सेंटरिंग लावून वर ओततो, तुम्ही दगडावर ओतून मग खालचा दगडच काढून घेता. मग यात काँक्रीटची ताकद किती धरता? एम-२० तरी असेल ना?

खाणवाट

चिरेबंदीबाब, स्लॅबची उपमा अगदी चपखल आहे, ताकदीच्या बाबतीत मात्र नाही. एम-२० म्हणजे २० मेगापास्कल. आमच्या मॅटला दोन-अडीच, फार तर चार. घरासाठी चिरा घेताना आयएसच्या नियमाने कमीत कमी साडेतीन मेगापास्कल मागतात. म्हणजे ज्याच्याखाली माणसं आणि लोडर जातात ते छत बऱ्याच वेळा आपल्या अंगणातल्या चिऱ्यापेक्षा कच्चं असतं. हे ऐकून पहिल्या दिवशी माझ्याही पोटात गोळा आला होता.

ते टिकतं कसं? एक म्हणजे जाडी. तुमचा स्लॅब पाच-सहा इंच, आमची मॅट ३ मीटर. दुसरं म्हणजे वरच्या भरावाचं सगळं वजन तळावर येत नाही. ज्यांनी घरात कणगी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. कणगीत भात वरपर्यंत भरलं तरी तळाला सगळा भार बसत नाही, बराचसा बाजूच्या कुडावर घासून अडतो. तसाच स्टोपमधला भराव दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींना धरून राहतो. ३० मीटर भरावाचा हिशेब सरळ केला तर चौरस मीटरला ६० टन येतील, पण त्याचा थोडाच वाटा मॅटपर्यंत पोचतो. भिंती खडबडीत हव्यात. गुळगुळीत, मातकट भिंत असेल तर अख्खा भराव खाली सरकू शकतो.

फर्मागुडी_शेवटचं_वर्ष

काका, मी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मायनिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला मिचेलचं सूत्र शिकवलं आहे : भरावाची उघडी पडणारी भिंत उभी राहायला लागणारी ताकद = घनता × उंची ÷ (१ + उंची/लांबी). ३० मीटर उंच, १० मीटर लांब भिंत आणि घनता २० किलोन्यूटन धरली तर ६०० भागिले ४, म्हणजे फक्त १५० किलोपास्कल. मग तुम्ही दोन मेगापास्कल का म्हणता? दहापटीहून जास्त झालं.

खाणवाट

पोरा, हिशेब बरोबर आहे, पण तो भिंतीचा आहे. शेजारचा रिब पिलर काढताना भराव बाजूला उघडा पडतो, तेव्हा हे सूत्र लावायचं. सिल पिलर काढताना भराव डोक्यावर उघडा पडतो. तिथे तो वाकतो, खालच्या अंगाला ताण येतो, आणि ताणात सिमेंटची वाळू फार दुबळी. दाबाच्या ताकदीच्या दहावा हिस्सा धरतात.

वहीत मांडून बघ. मॅटची जाडी ३ मीटर, म्हणजे स्वतःचं वजन चौरस मीटरला ६० किलोन्यूटन. वरून येणारं ४० धर. एकूण १००. खालचा रस्ता ४ मीटर रुंद असेल, दोन्ही टोकं दगडात धरलेली मानली, तर ताण = भार × रुंदीचा वर्ग ÷ (२ × जाडीचा वर्ग). १०० × १६ ÷ १८, साधारण ८९ किलोपास्कल. दहापट केलं की ८९०. सुरक्षेसाठी दुप्पट केलं की १.८ मेगापास्कलच्या आसपास. आता तोच रस्ता ६ मीटर रुंद कर. ताण २०० वर जातो, लागणारी ताकद ४ मेगापास्कल. रुंदी दीडपट, मागणी सव्वादोनपट. म्हणून भरावाखाली रस्ता रुंद करून "दोन फेऱ्यांत उरकू" म्हणणाऱ्या माणसाला मी कधी होकार दिला नाही. अरुंद पट्टे काढायचे, एक सोडून एक, आणि पहिला घट्ट भरल्याशिवाय शेजारचा उघडायचा नाही.

मिचेलनेच मॅट कोणकोणत्या तऱ्हेने जाते तेही मांडलं आहे : वाकून मोडते, आख्खी सरकून खाली येते, एका अंगाला फिरून पडते, किंवा तळातून गळत गळत कमान होत जाते. परीक्षेत वाकण्याचं विचारतात. मी पाहिलं ते शेवटचं.

मातीचं_घर

नेमकं काय पाहिलंत ते लिहाल का? माझे मिस्टर खाणीवर ट्रक चालवायचे. खाणीत काय बिघडतं ते घरी कोणी सांगत नसे, आम्ही नुसतं कपड्यांवरच्या मातीवरून ओळखायचो.

खाणवाट

बाय, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कंपनीचं नाव घेत नाही.

एका स्टोपखाली शिरायचं होतं. वरचा भराव सात वर्षांपूर्वीचा. रजिस्टर चांगलं होतं : पहिले ३ मीटर, एकास आठ सिमेंट, तारखा, घनमीटर, सगळं. नमुने फोडलेले आकडेही होते. पहिला पट्टा व्यवस्थित निघाला. खालून मॅट पाहिली तर राखाडी, कोरडी, पाइपातून पडलेल्या थरांच्या रेघा स्पष्ट. पहार मारली की टण्ण वाजायची. सळयांची टोकं जागोजागी बाहेर आलेली, जाळी ताणलेली.

दुसऱ्या पट्ट्यात चौथ्या ब्लास्टनंतर शिफ्टच्या सुरुवातीला पाहणीला गेलो. सुटे दगड पाडता पाडता पहारीचा आवाज बदलला. टण्णच्या जागी बद्द. बॅटरी वर धरली. मधोमध हातभर रुंदीचा काळसर पट्टा, त्यावर घामासारखे पाण्याचे थेंब. हातमोजा काढून बोट लावलं तर नखाने उकरता आला. ओला शाडूच जणू. सिमेंटचा मागमूस नाही. लोडर तोंडाशी उभा होता, त्याला मागे घेतलं, तोंडावर दोरी बांधली आणि वर फोन लावला. चाळीसेक मिनिटांत तो पट्टा खाली आला, बाजूचं चांगलं भरावही बरोबर घेऊन. अर्धा टिप्पर भरेल एवढं. लोडरवाला माझ्या शेजारीच उभा राहून बघत होता. त्याच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

मग रजिस्टर परत काढलं. त्या तारखेला एकच ओळ : "लाइन जाम, फ्लश केली." सात वर्षांपूर्वी पाइप तुंबला होता. तो मोकळा करायला पाणी मारलं, आणि ते सगळं पाणी स्टोपमध्येच सोडलं. ते सखल भागात साचलं, बारीक गाळ त्यात बसला, सिमेंट धुऊन गेलं, आणि दुसऱ्या पाळीने त्यावरच पुढचं ओतलं. फ्लशचं पाणी बाहेर वळवायला एक जादा व्हॉल्व्ह आणि दहा मिनिटं लागली असती. ज्याने ती ओळ लिहिली त्याने निदान लिहिली तरी. त्या माणसाचे उपकार मी आजही मानतो, कारण त्या ओळीवरून आम्ही त्या लेव्हलचे आणखी तीन "लाइन जाम" शोधले आणि तिथे खालून आधीच बोअर घेऊन तपासलं. दोन ठिकाणी तसाच गाळ निघाला.

वैनगंगा

काटा आला वाचून.

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला, नोकरीमुळे वास्कोत स्थायिक. वडील तिकडे मँगनीजच्या भूमिगत खाणीत होते. विदर्भात आणि पलीकडे बालाघाटला मँगनीजच्या खाणींत भरणी फार जुनी. तिकडे नदीची वाळू पाण्याबरोबर सोडायचे. वडील म्हणायचे, वाळू भरणं सोपं, पाणी काढणं कठीण. भरणीला अडवायला स्टोपच्या तोंडाशी बांध घालतात, त्याला बॅरिकेड म्हणायचे. लाकूड, गोणपाट, नंतर विटा. त्या बांधातून पाणी स्वच्छ येतंय ना, हे बघायला एक माणूस ठेवलेला असे. गढूळ आलं की भरणी बंद. वडिलांनी ते काम तीन वर्षं केलं. घरीसुद्धा नळाचं पाणी पेल्यात घेऊन उजेडात धरून बघायचे.

खाणवाट

वैनगंगाबाब, तुमच्या वडिलांचं काम हे त्या पाळीतलं सर्वांत मोठं काम. पाणी अडलं की भराव घट्ट होत नाही, दलदल होऊन राहतो आणि सगळा दाब बांधावर येतो. ऑस्ट्रेलियात ब्राँझविंग सोन्याच्या खाणीत २०००च्या जूनमध्ये असाच बांध फुटला, भराव वाहत आत शिरला आणि तीन माणसं गेली. त्यानंतर जगभर बांधांकडे बघायची नजर बदलली. पाणी किती वेगाने झिरपलं पाहिजे, याचा जुना अंगठ्याचा नियम तासाला १० सेंटीमीटर. त्यासाठी टेलिंग आधीच शंकूसारख्या भांड्यात चक्रीवादळासारखं गरगर फिरवून अगदी बारीक गाळ वेगळा करतात. आता बऱ्याच ठिकाणी पेस्ट भराव आला आहे. टूथपेस्टसारखा दाट, पाणी जवळजवळ सोडतच नाही, आणि बारीक गाळासकट सगळं टेलिंग वापरता येतं. पिलर काढायचा असेल तर माझी पसंती त्यालाच.

एक सूचना तरुणांसाठी. टेलिंगमध्ये गंधकाचं खनिज उरलेलं असेल तर साध्या सिमेंटचा भराव २८ दिवसांनी उत्तम येतो आणि काही महिन्यांनी आतून सडायला लागतो. सल्फेट सिमेंटला खातं. २८ दिवसांचा आकडा बघून सात वर्षांनी खाली शिरू नका. शिरण्याआधी गाभा काढून ताजा नमुना फोडा.

जुना_भूशास्त्री

सगळं वाचलं. लेखन प्रामाणिक आहे म्हणून थोडं विरुद्ध लिहितो, राग मानू नये.

तीस वर्षं खाणींच्या भूशास्त्रात घालवली, त्यातला बराच काळ कर्नाटकात. प्रत्येक पिलर काढलाच पाहिजे ही वृत्ती मला पटत नाही. पिलर शिल्लक राहिलेलं खनिज नसतं, तो कामावर असतो. शेजारचं सगळं काढल्यावर त्यांचा भार त्याच्यावर आलेला असतो. खोल खाणीत तो ताणलेल्या धनुष्यासारखा होतो आणि ब्लास्टच्या धक्क्याने फुटतो. कोलारच्या खाणी तीन किलोमीटरच्या खाली गेल्या होत्या, तिथे दगड फुटण्याचा त्रास पिढ्यान्‌पिढ्या होता. आणि पिलर एकेक करून बारीक केले तर काय होतं हे कोळशाच्या लोकांनी शिकवलं. दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुकला २१ जानेवारी १९६० रोजी एकामागून एक पिलर बसत गेले, ४३७ माणसं खाली राहिली. पिलरच्या ताकदीचं जे सूत्र आज मुलं शिकतात ते त्या अपघातानंतरच्या अभ्यासातून आलं.

भराव दगडाची जागा घेत नाही. तो पिलरला बाजूने धरतो, भिंतींना आत येऊ देत नाही. त्याच्यावर पिलरचा भार टाकता येत नाही. हे व्यवस्थापनाला समजावताना माझा घसा बसला आहे.

खाणवाट

सर, राग कसला. तुमचं म्हणणं मान्य आहे. आमच्याकडेही अकरा पिलरपैकी चार सोडले. एका ठिकाणी भिंतीचा दगड मातकट होता, दोन ठिकाणी मॅटचं रजिस्टरच नव्हतं, आणि चौथ्या ठिकाणी दगड बोलायला लागला होता. ब्लास्ट नसतानाही कटकट आवाज, बाजूने पापुद्रे सुटलेले. तिथे पुढच्या बैठकीपर्यंत न थांबता त्याच दिवशी माणसं काढली.

ज्यांना हात घातला तिथेही शेवटचा अर्धा ते एक मीटर खनिज मॅटला चिकटून ठेवलं. त्या सालीमुळे ब्लास्टचा मार मॅटला बसत नाही आणि भराव खनिजात मिसळत नाही. हिशेबनीस दर महिन्याला त्या सालीचे टन विचारायचे. ते टन आम्ही विकत घेतलेलं छत होतं, असं मी त्यांना सांगत असे.

चिरेबंदी

अवांतर होईल, पण विचारतो. आपल्याकडे खंदक एवढे खोल गेले, शेतं गेली, पाणी गेलं. गोव्यात जमिनीखालून खाणी काढल्या असत्या, भरत भरत, तर हे टळलं नसतं का?

जुना_भूशास्त्री

गोव्याचं खनिज त्याला साजेसं नाही. वरचा भाग कठीण, पण खाली बरंचसं भुकटीसारखं, हाताने चुरगळणारं, आणि बाजूला चिकणमाती आणि फिलाइट हा मऊ, पापुद्र्यांचा दगड. त्यात रस्ता खोदला तर तो स्वतःच्या वजनाने मिटेल. शिवाय पाणी. शिरगाव-डिचोलीकडचे काही खंदक समुद्रसपाटीच्या खाली गेले, पंप बंद केला की भरतात. भूमिगत खाणीला लागणारा कणखर दगड आणि टनामागे मिळणारी किंमत, दोन्ही इथे नाहीत.

मातीचं_घर

मग माझा प्रश्न आमच्या गावापुरता. आमच्या वाड्यापासून अर्ध्या किलोमीटरवर एक जुना खंदक आहे. निम्मा रिजेक्ट (खाणीतला टाकाऊ माल) टाकून भरला, वर अकेशिया लावलेत. त्याच्या शेजारी दुसरं लीज. मधे जमिनीची पट्टी तशीच ठेवली आहे. आता म्हणतात खाणी परत सुरू होणार, ती पट्टीही काढणार. तुमच्या पिलरसारखंच झालं ना हे? त्या भरलेल्या बाजूला काय होईल?

खाणवाट

बाय, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. लिजाच्या हद्दीपासून ७.५ मीटर सोडायचा नियम आहे, म्हणून दोन्हीकडचे मिळून अशी पट्टी राहते. तिच्यात खनिज असतं आणि परवानगी मिळाली की ती काढावीशी वाटते. ती पट्टी हा उभा पिलरच आहे, फक्त आकाशाखालचा. आणि तुमच्या बाजूचा भराव सिमेंटचा नाही, ट्रकने लोटलेलं रिजेक्ट आहे. असा सुटा माल कोरडा असताना साधारण ३५ अंशांच्या उतारावर थांबतो. पट्टी काढली की त्याला उभं राहायला भिंत उरणार नाही, तो स्वतःचा उतार शोधत खाली जाणार, आणि वरची झाडं, रस्ता जे असेल ते बरोबर नेणार. पावसात भरावात पाणी साचलेलं असेल तर ३५ अंशही धरू नका.

म्हणून तीन गोष्टी विचारा, लेखी. तो खंदक कोणत्या साली, कशाने आणि किती खोलीपर्यंत भरला त्याचा नकाशा आहे का. भरावातल्या पाण्याची पातळी मोजायला नळी घातली आहे का, आणि पावसाळ्यातले तिचे आकडे कुठे आहेत. पट्टी काढताना भरावाचा उतार आधी मागे घेणार आहेत का. खाण सुरक्षेचं कार्यालय मडगावला आहे, तिथेही पत्राची प्रत द्या.

मातीचं_घर

भरताना आमच्यातले चार-पाच जण तिथे ट्रक चालवत होते. त्यांना आठवतं, तळाला आधी पंपाचा गाळ सोडला होता आणि त्यावर रिजेक्ट. हे कुठे लिहिलेलं असेल असं वाटत नाही.

खाणवाट

तर मग ते आताच लिहून घ्या. कोण चालवत होतं, कोणत्या महिन्यात, कुठल्या कोपऱ्यातून गाळ सोडला, किती दिवस. तळाला गाळ असेल तर उताराचं माझं वरचं गणित आणखी वाईट होतं, सगळा भराव त्या गाळावरून घसरू शकतो. माणसांच्या सह्या घ्या. जमलं तर खंदकाच्या काठावर त्यांना उभं करून बोटाने दाखवायला सांगा आणि नकाशावर खूण करा. मी पुढच्या रविवारी साखळीला येणार आहे, तुमची हरकत नसेल तर बरोबर येतो. टेप आणि पहार मी आणीन.

फर्मागुडी_शेवटचं_वर्ष

काका, मीही येऊ का? कॉलेजात लेव्हल मशीन मिळते, विचारून बघतो.

मातीचं_घर

या दोघेही. सकाळी आठच्या आत या, नंतर ऊन लागतं. ट्रकवाल्यांपैकी तिघांशी बोलले आहे, ते देवळाकडे थांबतील.